पणजोबांचं नाव रजिस्टरात सापडलं, आता टॉपिक सोडू का?

पत्राचा सारांश (गाव, जात, विद्यापीठ, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

लिहिणारी सव्वीस वर्षांची आहे, एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात पीएचडीचं पहिलं वर्ष. विभागाचं बरंचसं काम ब्रिटिश राजवट आणि ती मागे काय ठेवून गेली यावर चालतं. गाइडनी टॉपिक सुचवला, मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार जमातीं'च्या सेटलमेंटचा, म्हणजे ब्रिटिश सरकारने त्यांना पहाऱ्यात ठेवलेल्या वसाहतींचा. हिने घेतला, पण आपण त्याच लोकांपैकी आहोत हे विभागात कुणालाच सांगितलं नाही. मग अर्काइव्हजमध्ये एक रजिस्टर चाळताना आजीच्या वडलांचं नाव सापडलं. गाव, बापाचं नाव, वय सगळं जुळतं. पुढे अंगठ्याचा ठसा आणि शेरा: पास न काढता गैरहजर, तीन महिने सक्तमजुरी. न राहवून गाइडना सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले सोनं सापडलंय, तू तर आतली आहेस, प्रस्तावनेतच लिही. आई म्हणते, जे पुसायला आमचं आयुष्य गेलं ते तू छापून आणणार? भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. आजी, आईची आई, ऐंशीच्या पुढची, सेटलमेंटमध्येच जन्मलेली, त्यावर कधीच बोलत नाही. त्यात सेमिनारला एक मुलगा म्हणाला, पण काही जमाती खरंच चोऱ्या करायच्याच ना, आणि हिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती विचारते: टॉपिक सोडू का? ठेवला तर मी कोण ते लिहू का? पणजोबा चोर होते हे कळल्यावर घरात तोंड कसं दाखवू? आणि ताजा कलम: त्या ठशाचा फोटो काढू का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, 'पणजोबा चोर होते हे कळल्यावर'. कुठे कळलं गं तुला हे? तूच उतरवून पाठवलेला शेरा परत वाच. पास न काढता गैरहजर. यात चोरी कुठे आहे? दरोडा नाही, घरफोडी नाही, कुणाचा दागिना नाही. एक माणूस परवानगी न घेता कुठेतरी गेला आणि हजेरीच्या वेळी परत आला नव्हता, एवढंच लिहिलंय. बहिणीकडे लग्न असेल, कुणी आजारी असेल, गावची जत्रा असेल, किंवा नुसतं कंटाळून गेला असेल. आपल्याला माहीत नाही. पण तू इतिहासाची विद्यार्थिनी असून 'शिक्षा' हा शब्द बघितलास आणि मधली सगळी पायरी गाळून 'चोर' वर पोचलीस, आणि ही तुझी चूक आहे असं मी म्हणत नाहीये, हेच करायला ते रजिस्टर बनवलं होतं. शंभर वर्षांनी त्याने तुझ्यावरही काम केलं.

तू वर्षभर यावर वाचतेयस तेव्हा तुला नवीन नाही, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. 1871 मध्ये ब्रिटिश सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. आधी उत्तर हिंदुस्थानात, नंतर बंगालमध्ये, आणि 1911 चा कायदा आला तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यासकट सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू. 1924 मध्ये परत एकदा घट्ट केला. त्यामागचा युक्तिवाद असा की हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो, सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, म्हणजे चोराचा मुलगाही चोरच होणार. एकदा सरकारने एखादी जमात नोटिफाय केली की त्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि ज्यांच्यावर जास्त नजर ठेवायची त्यांना उचलून सेटलमेंटमध्ये. पोरांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदसुद्धा होती. आणि सगळ्यात भयंकर मला काय वाटतं तर हे, की सरकारने जमातीला गुन्हेगार जाहीर केलं ते बरोबर की चूक हा प्रश्न कोर्टात विचारताच येणार नाही, असं त्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं.

आता यात गैरहजेरी हा गुन्हा कुणी तयार केला? कायद्यानेच. कायदा नसता तर परवानगीशिवाय भाचीच्या लग्नाला जाणं हा जगात कुठेच गुन्हा नाही. मग असे गुन्हे मोजायचे, तक्ता करायचा, आणि तोच तक्ता पुढे करून सांगायचं की बघा या जमातीत शिक्षा झालेले किती आहेत. तुझ्या पणजोबांची ती एक ओळ अशाच कुठल्यातरी बेरजेत गेली असणार. त्यामुळे त्या कागदाला आधी विचारायचं ते हे, की हे भरलं कुणी, कुणाला दाखवायला, कोणते रकाने होते आणि कोणते नव्हते. का गेला होता, हा रकाना आहे का बघ. मला नाही वाटत सापडेल.

त्या सेमिनारमधल्या मुलाबद्दल. तू गप्प बसलीस म्हणून स्वतःला खूप बोललीयेस पत्रात, ते आधी थांबव, अचानक अंगावर आलेल्या वाक्याला उत्तर सुचत नाही कुणाला. पण पुढच्या वेळेसाठी माझं मत असं, की 'नाही, कुणीच चोरी करत नव्हतं' असं सांगायला जाऊ नकोस. काही लोक करत होते. काहींवर तशी पाळी आणली गेली, कारण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेने खाल्ला, 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाल्यावर पुढच्या वीसतीस वर्षांत लोहमार्ग देशभर पसरले, आणि 1878 च्या जंगल कायद्याने शिकार, लाकूडफाटा, चराई यावर कुंपण घातलं. फिरून पोट भरणाऱ्याचं फिरणंच संशयाचं झालं, कारण ज्याला घर नाही, शेत नाही, सारा नाही, तो सरकारच्या कुठल्याच वहीत बसत नव्हता. आणि काही जण असेही असतील ज्यांनी अडचण नसताना चोरी केली, जशी ती प्रत्येक समाजात कुणी ना कुणी करतं. प्रश्न तो नाहीच. चोरी केली त्याला चोरीची शिक्षा द्यायला इंडियन पीनल कोड होतंच, 1860 चं. हा वेगळा कायदा कशाला लागला? पाळण्यातल्या पोरालाही शिक्का मारायला लागला. एवढं एक वाक्य त्या मुलाला सांग, की कायद्याने 'तू काय केलंस' विचारलंच नाही, 'तू कुणाचा' एवढंच विचारलं. पणजोबा निष्पाप होते हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर नाहीये. उद्या दुसऱ्या एखाद्या फाइलीत त्यांच्या नावावर खरीच चोरी सापडली तरी तुझा प्रबंध पडत नाही आणि तुझं घरही पडत नाही.

आता आई. तुझ्या पत्रात आईचं वाक्य असं आलंय की जणू ती अडथळा आहे, मागासलेली आहे, तिला संशोधन कळत नाही. मला ती या पत्रातली सगळ्यात जास्त विचार केलेली व्यक्ती वाटली. तिने ज्या जगात दिवस काढले तिथे शेजारणीला कळलं की वाटीभर साखर मागायची सोय जाते, भाड्याचं घर जातं, गल्लीत कुणाचं काही हरवलं की नजर आपल्या दाराकडे येते. कायदा मुंबई प्रांतात 1949 ला गेला, देशभर 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तो दिवस लोक विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण नजर काही त्या तारखेला रद्द झाली नाही, आणि गुन्हेगार जमातींचा कायदा गेल्यावर सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. आजही काही वस्त्यांवर रात्री कुणाला कधी उचलतील सांगता येत नाही. आई हे पेपरात वाचून बोलत नाहीये.

पण आईच्याही एका समजुतीला हळूच हात लावावा लागेल. ती म्हणते पुसलं. कपाटातली तुझ्या जात पडताळणीची फाइल काढून बघ. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे कुणाचा तरी शाळेचा दाखला, जन्ममृत्यूचा उतारा, काहीतरी तुमच्या घरच्यांनी धावपळ करून मिळवलेलं असणार. ज्या कागदांनी त्रास दिला तेच कागद हक्कासाठी शोधत फिरायचं, हा वारसा तुझ्या घरात पुस्तकाबाहेरचा आहे. एकच कैकाडी समाज विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कारण एकेकाळी मधून मध्यप्रांत आणि मुंबई इलाख्याची हद्द जात होती आणि दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या, हे तुझ्या विभागात किती जणांना माहीत आहे? भाऊ भरतीचा फॉर्म भरतो तेव्हा प्रवर्गाच्या रकान्यात तो काय लिहितो? सरकारला तुम्ही कोण ते माहीतच आहे. आई घाबरते ती सरकारला नाही, ओळखीच्या लोकांना. भीती नेमकी कशाची हे तुम्हा दोघींना वेगळं करून बघता आलं तर बोलणं सोपं होईल असं मला वाटतं.

भावाच्या भरतीचं म्हणशील तर चारित्र्य पडताळणीत उमेदवारावर स्वतःवर गुन्हा दाखल आहे का ते बघतात, शंभर वर्षांपूर्वीचा पणजोबा त्या फॉर्मवर नसतो. तुझ्या प्रबंधाने त्याची नोकरी जाणार नाही. पण ट्रेनिंगला त्याच्याबरोबरच्या पोरांना कळलं तर काय, ही त्याची भीती असेल तर ती खरी आहे, आणि ते त्यालाच विचारायला हवं. पूर्ण पत्रात तू भावाला एकदाही विचारल्याचं लिहिलेलं नाहीस.

गाइडबद्दल स्पष्ट बोलते. त्यांचा हेतू चांगला असेल, आतल्या माणसाने आपला इतिहास लिहावा हे मलाही मनापासून वाटतं, मुंबई इलाख्याच्या पोलिसांसाठी 1908 मध्ये 'गुन्हेगार वर्गां'वर टिपणांचं अख्खं पुस्तक निघालं होतं आणि त्यात ज्यांच्यावर लिहिलंय त्यांची बाजू नाही, तेव्हा ज्यांच्यावर लिहिलं गेलं त्यांच्या नातवंडांनी लेखणी हातात घेणं ही मोठी गोष्ट आहे. पण 'तू आतली आहेस' ही काही संशोधनाची पद्धत होत नाही. सेटलमेंटमध्ये वेगवेगळ्या जमाती एकत्र कोंडल्या होत्या, प्रत्येकाची बोली वेगळी, पंचायत वेगळी, तू त्यातल्या एका घरातली एक मुलगी. आणि ओळख सांगायची की नाही, कधी, किती, हे गाइडने ठरवायचं नसतं. त्यांना साधं सांग: सर, प्रस्तावना मी सगळ्यात शेवटी लिहीन, तोपर्यंत ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू द्या, विभागातही नको. हे बोलायला जड जाईल. मी तुझ्या वयाची असताना माझ्या गाइडना एका साध्या गोष्टीलाही नाही म्हणू शकले नव्हते आणि त्याची रुखरुख अजून आहे. जमत नसेल तर मेल कर, मेलवर ठाम राहणं सोपं जातं आणि लेखी राहतं. तरी दबाव आला तर संशोधन सल्लागार समितीत एक तरी माणूस ऐकणारा असतो, त्यांच्याकडे जा.

मग टॉपिक ठेवायचा की सोडायचा. तू दोनच दारं मांडलीस, सगळं सांग नाहीतर सगळं सोड. मधे बरीच जागा आहे. एक म्हणजे नजर उलटी फिरवायची: सेटलमेंटमधल्या माणसांवर नाही तर सेटलमेंट चालवणाऱ्यांवर काम करायचं. मुंबई इलाख्यात हे खातं बरीच वर्षं ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडे होतं, त्याचे वार्षिक अहवाल आहेत, विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग अशी सेटलमेंटं, काही ठिकाणी मिशनऱ्यांचा कारभार. सोलापूरला सेटलमेंटमधली माणसं कापडगिरण्यांत कामाला जात होती. विचार कर, गिरणीला असा मजूर मिळतोय ज्याला पास काढल्याशिवाय शहर सोडता येत नाही, यात सुधारणा किती आणि स्वस्त हात किती, हा एकटा प्रश्न तीन वर्षं पुरेल. सोलापूर म्हटलं की आपल्याला 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात, आठवायलाच हवेत, पण त्याच शहरात त्याच वर्षी तारेच्या कुंपणाआड रोज हजेरी चालू होती हे शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. असं काम केलंस तर तुझ्या घरच्या एकाही माणसाचं नाव यायची गरज नाही, आणि कागदावर पाळत ठेवणाराच उभा राहील.

दुसरं, सेटलमेंट हाच विषय पण दुसऱ्या जागेचा. हुबळी, गदग, विजापूर आता कर्नाटकात, कन्नड येत असेल तर उत्तमच. किंवा मग खरंच सोडायचा असेल तर सोड. मीठ घे, जंगल घे, रेल्वे घे, तिथूनही याच माणसांपर्यंत पोचता येतं. आपल्या समाजावर काम करणं हे तुझं कर्तव्य आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पेशव्यांवर काम करणाऱ्याला कुणी विचारतं का, तू आतला की बाहेरचा?

ठेवलास तर काही गोष्टी नक्की कर, आणि हे अशाच टॉपिकवर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. रजिस्टरातलं कुणाचंही खरं नाव प्रबंधात छापू नका, आद्याक्षरंही नकोत, बदललेली नावं वापरा, कारण त्यांची नातवंडं त्याच शहरात राहतात आणि त्यांना तुम्ही विचारलेलं नाही. तळटीपेत फाइल नंबर येतो आणि त्यावरून नाव शोधता येतं, म्हणून एकेका माणसाची गोष्ट सांगताना अख्ख्या मालिकेचा संदर्भ द्या, नेमका तपशील परीक्षकांना तोंडी सांगता येतो, हे गाइडशी आधीच बोलून ठेवा. 'गुन्हेगार जमाती' हा शब्द फक्त सरकारी कागद उद्धृत करताना, बाकी सगळीकडे 'गुन्हेगार ठरवलेल्या'. आणि तुझ्यापुरतं सांगायचं तर, नाव जुळलं म्हणजे माणूस तोच असं लगेच धरू नकोस. तीच नावं घराघरात असायची, वय कारकुनाने अंदाजे टाकलेलं असायचं. बापाचं नाव आणि गाव जुळतंय म्हणतेस म्हणजे शक्यता बरीच आहे, पण खात्री फक्त एकच व्यक्ती देऊ शकते, आणि ती घरी बसलीये.

आजीकडे जाताना मोबाइलचा रेकॉर्डर लावून जाऊ नकोस. पहिले दोनचार वेळा तर नकोच. 'सेटलमेंटबद्दल सांग' असंही नको, त्याला उत्तर येणार नाही. विचार की लहानपणी तुम्ही काय खायचात, आई कामाला जायची तेव्हा तुला कोण सांभाळायचं, शाळेत कुणाशेजारी बसायचीस, पावसात छप्पर गळायचं का. कायदा गेला तेव्हा ती सातआठ वर्षांची असणार, पोराच्या उंचीवरून जे दिसतं ते तिला आठवत असेल. तिच्या बोलीत बोलू दे, तुला ती अर्धीमुर्धी येत असेल तरी. आणि एका गोष्टीची तयारी ठेव, की तिच्या आठवणी फक्त दुःखाच्याच असतील असं नाही. काही म्हातारी माणसं सेटलमेंटच्या शाळेबद्दल, गिरणीच्या पगाराबद्दल, एकत्र राहण्याबद्दल प्रेमाने बोलतात, कुंपणासकट. तेव्हा मधे पडून तिला वसाहतवाद समजावू नकोस. ऐक. ते नीट मांडता आलं तर तुझा प्रबंध बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल. आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच, ती काही तुझा सोर्स नाही, आजी आहे. हो म्हणाली तर रेकॉर्डिंग कुणाकडे राहील, ती गेल्यावर कोण ऐकेल, हे तिच्यासमोर आणि आईसमोर ठरवा. आईला प्रत्येक प्रकरण सगळ्यांच्या आधी वाचायला दे, गाइडच्याही आधी. नुसती परवानगी मागायला नको, तिच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी वाचणारही नाही.

या पत्राच्या निमित्ताने उलट बाजूच्या वाचकांनाही सांगायचंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी पणजोबा पोलीस पाटील होते, कुणाचे इनामदार, कुणाचे खोत. अर्काइव्हजमध्ये त्यांची सहीसुद्धा सापडेल, कदाचित अशाच एखाद्या हजेरीच्या कागदाखाली. त्यांच्या घरात 'पुसायला आयुष्य गेलं' असं कुणी म्हणत नाही, फोटो हार घालून भिंतीवर असतो. तोही याच राजवटीचा वारसा आहे, त्यावरही कुणीतरी पीएचडी करायला हवी, आणि ती करायला तुमच्याइतकी जवळची माणसं कोण?

राहिला तुझा ताजा कलम. फोटो काढ, पण आधी अर्काइव्हजच्या काउंटरला रीतसर परवानगी घेऊन काढ, आणि पीपीटीमध्ये टाकू नकोस, गाइडनी मागितला तरी देऊ नकोस. तो तुझ्या आजीच्या बापाच्या हाताचा ठसा आहे. त्यांचा एक फोटो तरी घरात आहे का? नसेल तर त्यांच्या अंगाचं जगात उरलेलं एवढंच असेल. आधी आजीला विचार बघायचाय का. हो म्हणाली तर मोबाइलच्या स्क्रीनवर दाखवू नकोस, तिला नीट दिसणार नाही. चांगल्या दुकानातून मोठी झेरॉक्स करून ने, शेरा आहे तेवढा भाग दुमडून.